नजर माझी, शिट्टी माझी

शनिवार, ५ ऑक्टोबर
संकल्प. यंदा बाद फेरीच्या सामन्याला पंच मीच. दोन्ही कोचची पसंती लागते. मिळेलच. अख्ख्या पश्चिम टेक्सासात माझ्यासारखी नजर दुसऱ्या पंचाकडे नाही. लव्हॉनला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग फ्रिजमधलं लोणी कसं दिसत नाही?" माझ्या बायकोला फुटबॉल कळत नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर
काल ब्रँडल हायस्कूलचा पोरगा बॉल घेऊन पूर्ण मैदान पळत शेवटच्या रेषेपार गेला. टचडाउन, सहा गुण. मी फाउलचा पिवळा फ्लॅग टाकून रद्द केला. त्यांच्याच एकानं समोरच्याची जर्सी धरली होती. आमचे मुख्य पंच गस वैतागले. "अरे व्हर्लन, तो बॉलपासून कोसभर लांब होता! काय सोडायचं तेही कळावं लागतं." ठीक. पुढच्या सामन्यापासून सोडणार.
ब्रँडलचे कोच टिडवेल माझ्याशी बोललेच नाहीत. आदर वाटला की माणूस गप्प होतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर
सोडलं. फ्लॅगला हातही लावला नाही. कॅलिको हायस्कूलच्या पोराला बॉल यायच्या आधीच मिठी मारून पाडलं. पण मिठी मला प्रेमळ वाटली. असं वाटणं हा पंचाचा अधिकार आहे. त्यांचे कोच ह्रुस्का टोपी आपटून ओरडले, "आता लग्नच लावून द्या त्यांचं!" मजेशीर माणूस. त्यांची पसंती नक्की.

शनिवार, २ नोव्हेंबर
काल ब्रँडल विरुद्ध कॅलिको. थोडक्यात लिहितो.
शेवटचे काही सेकंद. ब्रँडल मागे. त्यांचा डाव चालवणाऱ्या पोरानं, क्वार्टरबॅकनं, एकाला बॉल दिला. कॅलिकोच्या चौघांनी त्याला लोळवला. मी शिट्टी वाजवली. खणखणीत.
बॉल त्याच्याकडे नव्हता. क्वार्टरबॅकनं नुसती हूल दिली होती. बॉल स्वतःच्या मांडीआड लपवून तो एकटाच मोकळ्या मैदानात पळत होता. पण शिट्टी वाजली की खेळ थांबतो, नियमच आहे. पुन्हा खेळायला दिलं. जमलं नाही त्यांना. त्यात माझा काय दोष?
शिवाय मी सगळ्यांत जवळ होतो. लांबून तर कोणालाही दिसतं.
टिडवेल या वेळी बोलले. बराच वेळ. ह्रुस्का हात मिळवायला आले. "आमच्या पोरांना जो सापडला नाही, त्याला तुम्ही अडवलंत. जर्सी कुठल्या मापाची देऊ?"
लव्हॉनला सांगितलं नाही. तिला गावानं सांगितलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
तेच दोन संघ बाद फेरीत पुन्हा समोरासमोर! गसचा फोन. टिडवेल आणि ह्रुस्कांचं मैदान, वार, वेळ, कशावरच जमेना. फक्त एका बाबतीत झटकन एकमत झालं. मी म्हटलं, "माझ्या." गस म्हणाले, "हो. तुझ्याच." मग खूप खोकले.
गेटवर तिकिटं तपासायला माणूस हवाय म्हणे. कोण आत, कोण बाहेर. म्हणजे शुद्ध निर्णयाचंच काम. होकार दिला.

शनिवार, ३० नोव्हेंबर
पंचाचा पट्ट्यांचा शर्ट घालूनच गेलो. गेट प्रेक्षकांच्या स्टँडमागे आहे. मध्येच आत एकदम आरडाओरडा झाला. उशिरा आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय झालं हो? टचडाउन?"
म्हटलं, "इथून दिसत नाही."
त्यांनी मला निरखून पाहिलं. मग तिकीट पुढे करत म्हणाले, "असू द्या. तिथून तरी तुम्हाला कुठे दिसत होतं!"