डिंक्या आणि ओव्हनमधली अंडी

मंगळवार, ३ मार्च

ओव्हन माझा, अंडी माझी, लेक माझी — आणि अक्कल पाजळणार डिंक्या! "बाबा, दोनशेवर ठेवा, अर्धा तास तरी लागेल." ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुस्तकं बांधायचं काम याचं. दिवसभर डिंक, दोरा, पुठ्ठा. मी चाळीस वर्षं लेथवर आणि भट्टीवर काढली, मला हा उष्णता शिकवणार! घर मिळेपर्यंत चार दिवस राहतो म्हणाला होता हा जावई. चार वर्षं झाली. आयत्या बिळावर नागोबा!

लेक हॉस्पिटलात. सातवा महिना, पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टरीणबाई तोंडावर बोलल्या, "दोन आठवड्यांत वजन वाढलं नाही तर बाळाला लवकर बाहेर काढावं लागेल. एवढ्याशा जिवाची खात्री मी देणार नाही." काल लेक हळूच म्हणाली, "बाबा, आईची ती खिम्यात गुंडाळलेली स्कॉच अंडी खावीशी वाटतात. तळलेली नको, ओव्हनमधली." तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. मी ती अंडी तीस वर्षं खाल्लीत. न जमायला काय झालं?

अंडी उकडली, सोलली. खिम्यात मीठ, मिरी, कांदा. व्हर्नियर कॅलिपर काढला. खिम्याचा थर चारी बाजूंनी वीस मिलिमीटर, केसाचाही फरक नाही! ब्रेडचा चुरा लावला आणि अडीचशेवर बारा मिनिटं. काय रंग आला! डिंक्या म्हणतो, "एक कापून बघू या का?" अजिबात नाही! हिच्या आईनं कधी कापून वाढलं नाही, अख्खं ताटात यायचं. चाखावं म्हटलं तर मला अंडं बंद, मटण बंद. पण रंग बघितला की कळतं.

डबा सकाळी डिंक्याबरोबर पाठवला. चारला भेटायला गेलो. "छान होती, बाबा." चेहरा उतरलेला. अशक्तपणा, दुसरं काय.

बुधवार, ४ मार्च

पहाटे पाचलाच डिंक्यानं ओव्हन बळकावला! "मी पण दोन करतो, बाबा." जळतो मेला. काल लेकीनं माझी तारीफ केली ती सहन झाली नाही.

आणि करणं तरी कसं! उकडलेलं अंडं फडक्यानं टिपतो, मैद्यात लोळवतो. खिमा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत थापून पातळ करतो आणि पुठ्ठ्यावर कापड चढवतात तसा अंड्यावर चढवतो. चिकटपणा करायची सवय, तो खिम्यातही करणार. वर ब्रशनं तेल. मध्येच ओव्हन उघडून अंडी उलटी करतो. म्हणे, "आईंनी असंच शिकवलं होतं." माझी बायको याला शिकवत होती? मला तर तीस वर्षांत ओट्याजवळ उभं केलं नाही!

सकाळी वॉर्डात एकाच माणसाला सोडतात, त्यामुळे दोन्ही डबे तोच नेतो. माझ्या डब्याच्या झाकणावर मी आडनाव पंच करून ठेवलंय. घोळ नको.

संध्याकाळी लेक खुशीत! "बाबा, आजची अगदी आईची! दोन्ही संपवली." आणि पोटात राहिली! येताना जिने चढलो, लिफ्ट घेतली नाही.

शनिवार, ७ मार्च

वजन सहाशे ग्रॅम वाढलं!! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय जादू केलीत?" मी म्हटलं, चाळीस वर्षांचा अनुभव. डिंक्या शेजारीच उभा होता.

सोमवार, ९ मार्च

डिंक्याचं पोट बिघडलंय. सकाळपासून पाच वेळा संडासात. म्हटलं, "जावईबापू, पुठ्ठे चाटता की काय?" तोंड पांढरं पडलंय, तरी उठून दोन अंडी केलीच. देखावा सगळा! माझी दोन तयार होतीच.

मंगळवार, १० मार्च

आजही संडास अडवून बसलाय. घर माझं आणि रांगेत मी!

गुरुवार, १२ मार्च

सापडला!

लेकीला सहज विचारलं, तुझ्या नवऱ्याची अंडी कशी होतात? ती म्हणाली, "त्याची कुठली? तो काहीच आणत नाही. मी बोललेसुद्धा त्याला — बाबा या वयात पहाटे उठतात, तुला दोन अंडी उकडता येत नाहीत? नुसता मान खाली घालून बसतो."

मग रोजची ती दोन अंडी जातात कुठे? डबा तर रिकामा घरी येतो! गिळतो हा, वाटेत! सातव्या महिन्यातल्या बायकोच्या तोंडचा घास! म्हणून पोट बिघडलं, बिघडणारच. लाज कोळून प्यायलाय. लेकीला काही बोललो नाही, तिला त्रास नको. उद्या मुद्देमालासकट पकडतो, आणि परवा याची बॅग दाराबाहेर. लेकीला घरी आल्यावर काय ते सांगेन.

शुक्रवार, १३ मार्च

गेलो त्याच्या मागोमाग. हॉस्पिटलच्या जिन्याखाली बाक आहे, तिथे बसला. मी औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा. त्यानं दोन्ही डबे उघडले. आता गिळेल, म्हणून मी पाऊल उचललं.

त्यानं माझ्या डब्यातली अंडी काढून बाकावर कागदावर ठेवली. स्वतःची दोन माझ्या डब्यात घातली, अगदी सांभाळून. झाकण लावलं — माझ्या आडनावाचं. मग माझं एक अंडं उचलून फोडलं. वरून काळपट, आत खिमा कच्चा, गुलाबी. मला दहा हातांवरून दिसला. त्यानं डोळे मिटून ते खाल्लं. मग दुसरं. नळावर तोंड धुतलं, रिकामा डबा पिशवीत टाकला आणि माझा घेऊन वर गेला.

मी घरी आलो. चारला हॉस्पिटलात गेलो नाही. फोनवर सांगितलं, गुडघा दुखतोय.

शनिवार, १४ मार्च

सकाळी ओट्याजवळ गाठलं. "कचऱ्यात का नाही टाकलीस?"

दचकला. मग म्हणाला, "टाकायला घेतली होती. तुम्ही मोजून मापून केलेली... नाही टाकवली."

"मग मला सांगायचं होतंस, गाढवा!"

"तिनं पहिल्याच दिवशी ओकून टाकली, बाबा. आणि मला शपथ घातली. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस. आई गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच बाबा आपणहून अंथरुणातून उठलेत."