माईक चालू होता

रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू मनातल्या मनात मला जे काही बोलली असशील, ते सगळं मान्य. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र लावायचं नाही हा तुझा हट्ट, तेव्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. इकडे सगळं ठीक. हे बरे आहेत. मीही बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आपल्या दोघींना आईकडून वारशात मिळालाय, त्याची तक्रार तुझ्याकडे काय करायची!

उशीर झाला तो वाचनालयामुळे. आमच्याकडे आता सगळं ऑनलाइन व्हायचंय. पुस्तकांच्या कार्डांचे ते लाकडी खण तळघरात गेले. सभासदांनी घरबसल्या पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, मुदत वाढवून घ्यायची. काही अडलं तर पडद्यावरच्या छोट्या खिडकीत प्रश्न विचारायचा, आणि आमच्यापैकी कुणीतरी तिथल्या तिथे टाइप करून उत्तर द्यायचं. तरीही नाही जमलं तर आपण स्वतः पडद्यावर प्रकट व्हायचं आणि 'इथे दाबा, तिथे दाबा' करत हात धरून न्यायचं.

हे शिकवायला एक मास्तर नेमलेत. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावात असतात, आम्हाला फक्त छातीपर्यंत दिसतात. त्यांच्या प्रत्येक धड्याची सुरुवात 'सगळ्यांनी आपापले माईक बंद करा' अशी होते, म्हणून आम्ही त्यांचं नाव माईकमास्तर ठेवलंय. माणूस शांत आहे. सरावात मला एका सभासदाला 'तुमचे पुस्तक मिळाले आहे' असं कळवायचं होतं. मी घाईत पाठवलं, 'तुमचे पुस्तक मेले आहे.' देवघेवीच्या टेबलावरचे आमचे चष्मेवाले हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, आता त्या सभासदाला सांत्वनाचा निरोप पाठवा.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. या वयात नापास होणं कसं असतं ते तुला सांगत नाही. काहीतरी दाबलं आणि समोरचा अख्खा पडदाच नाहीसा झाला. चष्मेवाले म्हणतात, निवृत्ती दाराशी आलीय, कशाला डोकं फोडून घेता? त्यांचं बरोबर आहे. पण पास होणाऱ्यांतून दोघांना हे ऑनलाइनचं काम मिळणार आणि त्यातले आठवड्याचे तीन दिवस घरून करता येणार. ते मला हवंय. गुडघ्याला तेवढाच आराम. म्हणून महिनाअखेरीला पुन्हा परीक्षेला बसतेय.

मागच्या आठवड्यातला धडा मी घरूनच ऐकला. ऐन मध्यावर मास्तरांचंच इंटरनेट गेलं आणि आम्ही सगळे ताटकळत बसलो. इंटरनेट शिकवणाऱ्याच्या घरी इंटरनेट नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार. नंतर माझ्या लक्षात आलं की माझा माईक सगळा वेळ चालूच होता. ऐकली असेल लोकांनी भांड्यांची आदळआपट. जाऊ दे.

तू सकाळी फिरायला जातेस, दुपारी मैत्रिणींबरोबर पत्ते कुटतेस, हे वाचून फार बरं वाटलं. भाऊजींच्या उशाशी किती वर्षं काढलीस. आता मागे वळून बघू नकोस.

तुझी, मजेत असलेली,
धाकटी


रविवार, २१ सप्टेंबर

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'गेल्या तीन पत्रांत तू नवऱ्याची एकही तक्रार केलेली नाहीस. घोरणं नाही, पलंगावरचा ओला टॉवेल नाही, दुकानात तासन्‌तास गप्पा छाटणं नाही. नुसतं बरे आहेत. खरं काय ते लिही.' तुला ऐकू येत नाही असं कोण म्हणतं?

खरं लिहिते. मार्चमध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्यांच्या दुकानात लोक साधा बल्ब घ्यायला यायचे आणि अर्धा अर्धा तास बसून जायचे, ते आता घशातून एक आवाज काढतात, तेवढंच. तो भुकेचा, दुखण्याचा की रागाचा, हे मी चेहऱ्यावरून ओळखते. पुष्कळदा चुकते. गिळायला त्रास होतो, म्हणून प्रत्येक घास कुस्करून, मऊ करून, थांबत थांबत भरवायचा. दुकानाला कुलूप आहे. आम्ही दोघंच.

तुला का नाही कळवलं, ते तुलाही ठाऊक आहे. तू त्याच दिवशी बॅग भरली असतीस. भाऊजींचं सगळं करून तुझी आत्ता कुठे सुटका झाली, आणि मी तुला पुन्हा त्याच खाटेशी आणून बसवायचं?

मी कामावर असते तेव्हा शेजारच्या शिवणकामवाल्या बाई आपलं मशीन घेऊन आमच्याकडे बसतात. पण त्या आता लेकीच्या बाळंतपणाला जाणार, कधी परततील ते सांगता येत नाही. म्हणून मला घरून करायचं काम हवं होतं. गुडघ्याचं नुसतं निमित्त. वाचनालयात मी 'ह्यांना बरं नव्हतं, आता सुधारतंय' एवढंच सांगून ठेवलं होतं. खरं सांगितलं तर 'तुम्ही आता घरच सांभाळा' असं गोड बोलून मला बाहेर काढतील ही भीती.

आता त्या माईकचं सांगते.

त्या दिवशी शेजारच्या बाईंना ताप होता, म्हणून मी रजा टाकली आणि धडा घरून ऐकायला बसले. कानात मास्तर, मांडीवर वाटी, हातात चमचा. दोन्ही कामं एकदम उरकावीत हा विचार. मास्तर प्रत्येक धडा रेकॉर्ड करून ठेवतात. मधला भाग मला समजला नव्हता, म्हणून परवा दुपारी वाचनालयात कोपऱ्यातल्या संगणकावर तो पुन्हा लावला. मास्तर बोलत होते आणि त्यांच्या आवाजावर एक बाई बोलत होती. 'आ करा. हं, गिळा. अजून एक. हा शेवटचा, खरंच शेवटचा. अहो, गिळा ना हो, मला शिकायचंय.' ही कोण म्हातारी मध्येच बडबडतेय म्हणून मी वैतागले. मग ओळखलं. इतका दमलेला आवाज माझा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग ह्यांचा आवाज. अगदी स्पष्ट.

'बस.'

ताई, इतक्या महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो मी ऐकलाच नव्हता. माझे कान मास्तरांकडे होते. रेकॉर्डमधली मी म्हणते, 'एवढा एक घास,' आणि चमचा वाटीवर वाजतो.

मग मास्तर म्हणतात, 'माझं इंटरनेट जातंय. सगळ्यांनी जरा थांबा.' गेलं नव्हतं त्यांचं इंटरनेट. ते खाली मान घालून तसेच बसलेले दिसतात. एक बटण दाबून ते माझा माईक बंद करू शकले असते, पण मग मला कळलं असतं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवलाय. आमच्या ग्रंथपालबाई हातावर हनुवटी टेकून भिंतीकडे बघताहेत. माझं भरवून होईपर्यंत सगळे थांबले होते, आणि दुसऱ्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि मी तुला लिहिलं दिव्याखाली अंधार.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. 'बस' म्हणजे काय? पुरे झालं, की जवळ बस? घरी येऊन त्यांनाच विचारलं. ते नुसते बघत राहिले. मग मी वाटी बाजूला ठेवली आणि हातात काही न घेता पलंगावर त्यांच्याशेजारी बसले. कितीतरी दिवसांत नुसती अशी बसलेच नव्हते. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. उत्तर मिळालं असं काही मला म्हणवत नाही. त्यानंतर ते पुन्हा बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, एखादा शब्द असा सुटून येतो, त्यावर फार आशा बांधू नका.

तू येऊ नकोस. मानभावीपणानं नाही लिहीत. फक्त तुला ठाऊक असावं एवढंच.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ७ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तू लगेच आली नाहीस, 'तू म्हणशील तसं' एवढंच लिहिलंस, यासाठी तुझे फार उपकार. धावत आली असतीस तर मी तुझ्यावर चिडले असते.

परीक्षेत पास झाले. या वेळी खरा सभासद होता, एक निवृत्त गृहस्थ, पुस्तकाची मुदत वाढवायला आलेले. दर वेळी ते भलतंच बटण दाबायचे आणि माझी माफी मागायचे. मी म्हणत होते, काही हरकत नाही, सावकाश, आता वर उजवीकडे बघा. त्यांना जमेपर्यंत थांबले. बऱ्याच वेळानं जमलं. मास्तर एवढंच म्हणाले, 'तुम्हाला थांबता येतं.' ते मी कुठून शिकले हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. वयानं त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण त्या दिवशी मोठ्या वाटल्या. म्हणाल्या, आधी सांगितलं असतंत तर एवढं एकटीनं ओढावं लागलं नसतं. काम तुमचंच आहे, तीन दिवस घरून करा.

आणि मला रडू फुटलं. आनंदानं रडतेय असं वाटून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मलाही आधी तसंच वाटलं. पण पाणी पिता पिता समजलं की हे काही आनंदाचं रडू नाही. ज्या गोष्टीसाठी महिनाभर डोकं फोडलं ती मिळाली, आणि मला ती नको होती.

कसं सांगू? मी सकाळी घराबाहेर पडते आणि चालत वाचनालयात जाते. चष्मेवाले त्यांचा शिळा विनोद सांगतात. कुणीतरी येऊन विचारतं, ते निळ्या कव्हरचं पुस्तक कुठेय, आणि लेखकाचं नाव काही त्यांना आठवत नाही. एवढ्या वेळात मला कुणाच्या घशाकडे बघावं लागत नाही. तेवढ्या वेळावर मी उरलेला दिवस काढते. ते काम घरात आणलं तर मला जायला जागाच उरणार नाही. तूही त्या काळात भाजी आणायला म्हणून निघायचीस आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचीस. तेव्हा आम्ही तुला विसरभोळी म्हणायचो.

मी बाईंना म्हटलं, मला घरून एकच दिवस द्या, बाकी मी इथेच येईन. त्यांनी विचारलं, मग घरी कोण बघणार?

'बहिणीला विचारते.' तोंडातून निघून गेलं.

म्हणून विचारतेय. मागच्या पत्रात येऊ नकोस लिहिलं ते मनापासून होतं, आणि हेही मनापासूनच आहे. शेजारच्या बाई येत्या रविवारी निघतील. पगारी माणूस शोधतेय, अजून सापडलेला नाही. तो मिळेपर्यंत ये. ह्यांना उचलणं, अंघोळ घालणं हे माझं, त्याला तू हात लावायचा नाहीस. मी नसताना घरात ओळखीचं माणूस असावं, एवढंच. तुझ्या बडबडीला ते उत्तर देणार नाहीत आणि दिलं तरी तुला ऐकू येणार नाही, तेव्हा तुमचं छान जमेल.

तुला ती खोली, तो औषधांचा वास, ते सगळं पुन्हा सोसायचं नसेल तर नाही म्हण. मी रुसणार नाही. रुसायलाही ताकद लागते.

निघालीस तर गाडी कोणती ते कळव. घ्यायला मला येता येणार नाही. बेल वाजवू नकोस, ते दचकतात. दार नुसतं लोटलेलं असेल.

वाट पाहते असं लिहिणार नव्हते. पाहते.

तुझी,
धाकटी