बेपत्ता, तालुका पाटण

३ जून, सांगली
रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. चौथं. ‘शिपाई क्रमांकाशिवाय शोध घेणे शक्य नाही.’ वाक्य तेच, सही फक्त वेगळी. पाकीट कपाटात ठेवलं, पण आप्पांनी पाहिलं होतं. जेवताना म्हणाले, “न्हाईच म्हणत्यात व्हय?” मी भाजी वाढली.
आप्पा त्र्याऐंशीचे. बापाचं तोंड पाहिलेलं नाही. ते पोटात असतानाच आजोबा दुसऱ्या महायुद्धावर गेले. आधी तार आली, बेपत्ता. मग दुसरी, मृत समजावे. कुठे, कसे, काही नाही. मरायच्या आधी त्यांना एवढंच हवंय, बा पडला ते गाव कुठलं.

९ जून
गावी जाऊन आले. पाटणहून पुढे जीप, मग चालत. आजीची ट्रंक चुलतभावाकडे, बियाणं ठेवायला वापरतात. तळाशी, कागदाखाली, लढाईवरून आलेलं एक कार्ड. ‘खुशाल आहे. मूल झाले का ते कळवावे.’ कोपऱ्यात पाच आकडे. हाच नंबर. इतकी वर्षं तिथेच होता. आजीला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही कुणी ट्रंक उघडली नाही.

१९ जून, सातारा
रजा टाकली. सुभेदारकाकांनी बोलावलं होतं. निवृत्त माणूस, आमच्यासारख्यांचे जुने कागद शोधून देतो. नंबर त्यांनीच पुढे पाठवला होता. म्हणाले, “ताई, आधी बसा.”
पलटणीच्या यादीचं पान. आजोबांचं नाव, गाव. पुढे शेरा, बेपत्ता. त्यावर आडवी रेघ. खाली दुसऱ्या शाईत इंग्रजीत: कैदेतून सुटला. नोकरीस अयोग्य. इस्पितळात रवाना.
मला कळेना. काकाच म्हणाले, “हा माणूस परत आला हुता, ताई.”
एसटीत कराडपर्यंत डोकं चालेना. परत आले, तर घरी का नाही आले?

२० जून
आप्पांनी विचारलं. अजून शोधतायत म्हटलं.
दुसरी तार आली तेव्हा आजी एकोणीसची. बांगड्या फोडल्या. मला आठवते ती ओक्या हातांचीच, पाटीखाली वाकलेली. नवरा जिवंत होता तेव्हा. नको. पुढे विचार नको.

४ जुलै
इस्पितळात जाऊन आले. मनोरुग्णांचं. पत्ता सुभेदारकाकांनी काढून दिला. शहराचं नाव इथे लिहवत नाही.
रेकॉर्डच्या खोलीतल्या बाई माझ्याच वयाच्या. दोन तास रजिस्टरं काढत होत्या. तोंडाला पदर. सापडलं. नाव बरोबर. गाव बरोबर. तालुका पाटण. आणि पुढे, साताऱ्याऐवजी गुजरात.
इस्पितळाने घरच्यांना तीन पत्रं पाठवली. तिन्ही गुजरातच्या पाटणहून परत. ‘या नावाचे कोणी नाही.’ चौथं पाठवलंच नाही. रकान्यात ‘नातेवाईक नाहीत’. वर्षातून एकदा शेरा: शांत आहे. स्वयंपाकघरात काम करतो. घरी जायचे म्हणतो. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही घरी जायचे म्हणतो.
दुसऱ्या तारेनंतर दहा वर्षांनी तापाने गेले.
बाईंनी चहा मागवला. मी घेतला नाही. त्या हळूच म्हणाल्या, “यात असे पुष्कळ आहेत हो.”

६ जुलै
शाळेत शिकवायला गेले. नववीच्या तासाला आठवीच्या वर्गात जाऊन बसले.
चिडायचं कुणावर? एक शब्द चुकीचा लिहिणारा तो कारकूनही कधीच गेला असेल.

१२ जुलै
दादाचा पुण्याहून फोन. त्याचं म्हणणं, अजिबात सांगू नकोस. गावी चावडीसमोरच्या दगडावर शहीद म्हणून नाव आहे, राहू दे. या वयात त्यांना वेड्यांचं इस्पितळ कशाला दाखवायचं? बरोबर आहे त्याचं. असेल.
आप्पा रोज एकदा विचारतात. मी रोज एकदा खोटं बोलते.

१५ जुलै
सांगितलं.
सकाळी गॅलरीत चहा घेत होते. म्हणाले, “धा दीस झालं, माझ्याकडं बघून बोलत न्हाईस. सांगून टाक.” सगळं सांगितलं. पत्रांचंही. वाटलं होतं रडतील. बराच वेळ बोटांवर मोजत होते. मग म्हणाले, “म्हंजे बा गेला तवा मी सातवीत हुतो. पाटणातच हुतो की गं, शाळंला.”
मी कप उचलले तेव्हा म्हणाले, “आईला कळलं न्हाई ते बरं झालं.”
मी आत गेले. पाठीमागून परत आवाज आला, “न्हाई. बरं न्हाई झालं.”

१६ जुलै
जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून. पाठीवर हात ठेवला तर अंग आकसून घेतलं, लहान मुलासारखं. दादा म्हणतो, सांगितलं होतं तुला.

१८ जुलै
दोन घास भात. डॉक्टर येऊन गेले, दुखणं काही नाही म्हणाले.

२१ जुलै
आज आपणहून बोलले. “जाळला का पुरला?”
रजिस्टरच्या पानावर ते नाही. इस्पितळातल्या बाईंना फोन केला. प्रेताचं काय केलं त्याची वही वेगळी असते म्हणाल्या. ती खोली गळते, वही असेलच असं नाही, पण बघते. कधी, ते सांगता यायचं नाही.
तसंच सांगितलं आप्पांना. त्यांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. पिशवीत टॉवेल भरला. आता दाराजवळच्या खुर्चीत बसलेत. म्हटलं, आप्पा, अजून कुठं जायचं तेच कळलेलं नाही.
“बसतो की तवर,” म्हणाले.