सूर लागला आणि मशीन थांबलं

रविवार, ९ मार्च
सकाळचा चहा झाल्यावर

लाडक्या भोंग्या,

आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझं पत्र पोचलं, आतली दोन तिकिटंही पोचली. तुझ्या आईनं मला ते दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा घाईघाईत, दुसऱ्यांदा नाक पुसत.

अक्षर बघून दचकलीस ना? नेहमी माझी पत्रं तुझी आई लिहिते. आज तिनं टेबलावर कागद ठेवला, पेन तुझ्या बापाच्या हातात दिलं आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. घरात भाजी उतू चाललीये, बाजारात कसलं डोंबलाचं काम! तर हे तुझ्या बापाचं अक्षर. दीड वर्ष तुझ्याशी फोनवर एक शब्द बोलला नाही, आज पानभर लिहायला बसलाय. मान खाली घालून लिहितोय, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मला काय, त्यानं कागदावर नुसत्या रेघोट्या मारल्या तरी कळणार आहे थोडंच. "नीट लिहितोय, आई," म्हणतो. बरं.

तू विचारलंयस, कार्यक्रमाला बाबा येणार का? आणि पुढं लिहिलंयस, या वेळी आले नाहीत तर पुन्हा कधी विचारणार नाही. ते वाक्य मला आवडलं नाही. आपल्या घरात माणसं भांडतात, दारं आपटतात, पण विचारायचं सोडत नाहीत. त्याचं काय ते त्याच्याकडूनच वदवून घेते. आधी माझं सांगते. मला काही यायला जमणार नाही. गुडघे धरलेत, तेवढा प्रवास झेपायचा नाही, आणि तुमच्या त्या सभागृहातल्या खुर्च्या म्हणे फार खोल असतात. एकदा बसले की मला उठवायला चौघं लागतील, आणि तू गात असशील वर.

पेन थांबलं. म्हणतो, "आई, खोटं मी लिहिणार नाही. गुडघ्याचं काही नाही."

बघ, कसा आहे! स्वतःचं पोटात ठेवायचं आणि माझं चव्हाट्यावर मांडायचं. मी म्हटलं, ठीक आहे, सौदा करू. मी माझं खरं सांगते, मग तुझं खरं मी सांगेन, आणि ते तू लिहायचं, गुमान. कबूल? मान हलवलीये. मान हलवली असं लिही, म्हणजे पुढं पलटी नको.

तर ऐक, आणि ओरडू नकोस. मी पडले. दीड महिना झाला, लाँड्रीच्या पायऱ्यांवर. कामावर नव्हते गं, ते केव्हाच सुटलं. जुन्या मैत्रिणींना भेटायला गेले होते. आम्ही दोघी-दोघी चादरीची टोकं धरायचो आणि गात गात घड्या घालायचो, ते तुला ठाऊकच आहे. गाणं चुकलं की चादर वाकडी. त्यांच्यासोबत चार चादरींच्या घड्या घातल्या, जोरात गायले, आणि उतरताना तोऱ्यात पाऊल टाकलं. घोट्याचं हाड मोडलं. आता पाय प्लास्टरमधून निघालाय पण टेकवत नाही. तुला कळवू नका म्हणून मीच सगळ्यांना दम दिला होता. तालमी सोडून धावत आली असतीस, मला माहीत आहे.

आता पुढची गंमत. पडताना फोनही फुटला. दवाखान्यातली नर्स विचारते, "आजी, घरचा नंबर सांगा." मला ना अक्षर येतं ना आकडा. पण तू लहान असताना बापाचा नंबर मला चालीवर बसवून दिला होतास, आठवतं? खुंटीला सदरा अडकवावा तसा एकेक आकडा सुरावर अडकवलास. माझ्या डोक्यात तो तसाच आहे, नुसता बोलून बाहेर येत नाही. म्हणून मी गायला लागले. नर्स मधेच म्हणाली, "थांबा थांबा, सातच्या पुढं काय?" आता थांबले की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ठेका धरायला लागला. पाय मोडलाय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि मी गातेय, अशी तुझी आजी.

हा धापा टाकत आला, तर नर्स याला म्हणते, "म्हणजे ते गाणं तुमचं!"

तू ऑफिसातली नोकरी सोडून गायला निघालीस तेव्हा हाच दारात उभा राहून ओरडला होता ना, "गाण्यानं कुणाचं काय होतं?" त्या दिवशी मी खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडे नुसतं बघितलं. टोमणा मारला नाही. हल्ली मी फार समजूतदार झालेय.

आता याची पाळी. लिही रे.

मला बघायला याच्या कारखान्यातले साहेब घरी आले होते, पाळीचे मुख्य. खोक्यांचा कारखाना म्हणजे काय आवाज असतो तुला माहीत आहे, सगळ्यांच्या कानांवर ती जाड झाकणं. साहेबांनी जे सांगितलं ते ऐकून मी प्लास्टरमधला पायसुद्धा हलवला. तू आईला जे गाणं फोनवर पाठवलं होतंस, ते यानं गुपचूप स्वतःच्या फोनवर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत इयरफोन कानात घालून तेच पुन्हा पुन्हा लावलं. सुट्टी संपली तरी काढलं नाही, वरून झाकण चढवलं. नियमाबाहेरचं काम, आणि हा बाकीच्यांना नियम शिकवणारा! मग तू त्या शेवटच्या वरच्या सुरावर गेलीस आणि तिथंच उभी राहिलीस. लांब, बारीक, न हलता. याला वाटलं, बेअरिंग शीळ घालतंय. मोठ्या मशीनचं बेअरिंग गेलं तर हात जातील कुणाचे! यानं धावत जाऊन लाल बटण दाबलं. सगळा विभाग ठप्प. मशीनची झाकणं उघडली, पट्टे सोडले, हा स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतोय. मशीन गार पडलं, तरी शीळ थांबून थांबून चालूच!

साहेबांनी याच्या झाकणाखालून तो इयरफोन काढला आणि आपल्या कानात घातला. सगळे भोवती उभे. साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "कोण गातंय हे?"

हा म्हणाला, "माझी मुलगी."

साहेब म्हणाले, "मी खूप रागावणार होतो. रागावलोही नंतर. पण आजी, तुमच्या मुलानं ते दोन शब्द ज्या आवाजात सांगितले ना, तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता."

भोंग्या, तुझं हे नाव यानंच ठेवलं होतं. जन्मलीस तेव्हा रडून दवाखाना डोक्यावर घेतलास, आणि हा बाहेर सगळ्यांना सांगत सुटला, आमच्याकडे भोंगा आलाय. कान तुला त्याचाच मिळालाय. गळा माझा. हट्ट दोघांचा, म्हणून तर इतके दिवस लागले.

आता विचारते. पेन खाली ठेवू नकोस, लिहिता लिहिताच बोल. जाणार का रे?

म्हणतो, "दोन खुर्च्यांत नाही भागणार."

का?

"पाळीतली सगळीच यायचं म्हणतायत. साहेबसुद्धा. गाडी ठरवलीये."

कधी ठरवलीस?

"गुरुवारी."

बघितलंस का? गुरुवारपासून हा गाडी ठरवून बसलाय, आणि मी म्हातारी सकाळपासून घसा कोरडा करतेय! तुझी आईही यात सामील असणार, म्हणून बाजारात पळाली. या घरात माझ्याशिवाय कुणाला तोंड दिलंय की नाही देवानं?

मी घरीच राहीन. तुझी आई तिथून फोन लावून धरेल, मी इथं नव्या फोनवर पडल्या पडल्या ऐकेन. घाबरू नकोस, आवाज फोडू नकोस, आणि शेवटच्या सुरावर हवं तेवढं उभी राहा. त्या दिवशी कुणी बटण दाबणार नाही.

माझं सांगून झालं. खाली जागा सोडायला सांगितलीये. तिथं काय लिहायचं ते मी सांगणार नाही, आणि विचारणारही नाही.

तुझी,
गर्वानं फुगलेली आजी

आम्हाला जागा मागच्या रांगेत दिलीस तरी चालेल. तुझा आवाज तिथवर येतो.

बाबा