पिंपासमोरचं दुसरं स्टूल

मी, सौ. शिवकांता सिद्धराम बिरादार, वय एकसष्ट, राहणार शेतवस्ती, तालुका कंधार, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या रागाने लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात लातूरला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मला काळजी नाही, संशय आहे.

१. वडिलांनी मला दिलेली तीन एकर जमीन, तिच्यावरच्या द्राक्षबागेसह, माझे पती सिद्धराम यांनी हयातभर कसावी. त्यानंतर ती मुलगी सृष्टी हिची. तळघरातली लाल वाइनही तशीच. बाटलीवर नाव मन्याड नदीचं आहे. जमीन माझी आणि नाव नदीचं, असो.

२. गायीच्या शिंगांत शेण भरून ती हिवाळ्याआधी पुरायची, गुढीपाडव्याच्या सुमारास काढायची आणि आतलं मूठभर खत पाण्यात घोटून बागेत शिंपडायचं, अशी आमची बिनरसायनाची शेती. आमच्याकडची सगळी शिंगं माझ्या माहेरच्या लाल कंधारी गायींची आहेत. ती सृष्टीची.

३. घोटण्याबद्दल. पिंपातलं पाणी काठीने तासभर उजवीकडे, मग डावीकडे फिरवावं लागतं. हात भरून येतात म्हणून माणसं दोन आणि समोरासमोर स्टुलंही दोन. एकावर हे, दुसऱ्यावर नागम्मा. ती देगलूरकडची, आमच्या बागेत कामाला, विधवा, माझ्याहून लहान. माझ्यासमोर जेवायला यांना दहा मिनिटं जड होतात, तिच्यासमोर तास कसा सरतो? विचारलं तर म्हणाले, "काम करायलोय मी, गप्पा न्हाई मारायलो."

मी गोठ्याआड उभी राहून ऐकलं. खरंच, दोघं एक शब्द बोलले नाहीत. हसले-बोलले असते तर मी जाऊन भांडले तरी असते. त्या गप्पपणात मला शिरायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी जळते आहे.

वाइन तयार झाली की पहिला घोटही तिलाच. मी पीत नाही, लिंगायत आहे, गळ्यात इष्टलिंग आहे. पण विचारायला यांचं काय जातं? विचारते तीच. "अक्का, वास तर घ्या की, लई भारी आलाय." तिने का विचारावं?

४. नागम्माला कामावरून काढू नये. वेली तिच्या हाताला मानतात. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. तिला माझी निळी इरकल द्यावी. जांभळी देऊ नये, ती यांना आवडायची. पिंपासमोर यापुढे सृष्टीने नव्या स्टुलावर बसावं. नागम्माचं स्टूल चुलीत घालावं.

५. माझी समाधी बागेच्या कोपऱ्यात, शिंगं पुरतात त्या खड्ड्यालगत बांधावी. पुरायला आणि काढायला यांना तिथे दरवर्षी यावंच लागेल. त्या वेळी नागम्माने बांधापलीकडे थांबावं.

६. कलम ४ मध्ये दुरुस्ती. ते स्टूल जाळू नये. माझ्या समाधीसमोर ठेवावं आणि शिंगांचं काम आटोपलं की त्यावर यांनी तासभर बसावं. बोललं नाही तरी चालेल.

लिहून देणार: सौ. शिवकांता सिद्धराम बिरादार (सही)

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी वाचून सही केली. आम्हांला साक्षीदार म्हणून बाईंनी स्वतः निवडलं, घरच्या कोणाला आत घेतलं नाही:
१. धम्मानंद कांबळे, निवृत्त शिक्षक, कंधार (सही)
२. डॉ. आनंदराज सोनकांबळे, कंधार (सही)

ठिकाण: कंधार. दिनांक: २ एप्रिल २०२५