सुटलेल्या गाठीची वाटणी

मी, नाटकांसाठी केसांचे टोप विणणारी बाई, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, खोकल्याच्या दोन उबळींमध्ये हे लिहून ठेवते. आजवर रागाच्या भरात केलेल्या सगळ्या वाटण्या रद्द समजाव्यात.

१. राहती खोली आणि गाठीशी असेल ती शिल्लक धाकट्या बहिणीला. यंत्रावरचे तयार टोप विकायला ती मला सोडून गेली, ते मी विसरलेले नाही. धाकटे, तसला टोप या खोलीत आणलास तर गाठ माझ्याशी आहे, मी असले काय, नसले काय.

२. केस ओवायची आकड्याची सुई आणि टोप विणताना जाळी चढवायचे लाकडी डोकेही तिलाच. मी लग्न केले नाही म्हणून ती त्या डोक्याला भावोजी म्हणायची. रंगमंचामागच्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसून जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवायचो, भिंतीपलीकडच्या हशावरून कोणता प्रवेश चाललाय ते ओळखायचो. तसे सुख पुन्हा मिळाले नाही.

३. छातीतली गाठ, फुप्फुसाच्या कॅन्सरची. जन्मात विडी ओढली नाही, तरी नातलग अजून विचारतातच. पहिल्या गोळीने ती इतकी आक्रसली की मी पुन्हा कामाला बसले. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितले, गोळी पेशीत जिथे बसते ती जागाच काही पेशींनी बदलली. त्या तगल्या आणि वाढल्या. बदललेल्या जागेवर बसणारी दुसरी गोळी दिली, तीही काही काळ चालली. पुढच्या तपासणीत गाठीची जातच पालटलेली निघाली. मी म्हटले, मेली सोंगे बदलतेय. बाई हसल्या.

मी गेल्यावर ही गाठ, आणि ती जिथे जिथे पसरली तिथला तुकडा, प्रयोगशाळेला द्यावा. गोळीला तिने कसे चकवले ते त्यांना बघायचे आहे. जवळच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय ते घेत नाहीत, आणि मला धाकटीशिवाय तेवढे जवळचे कोणी नाही. ती म्हणते, "ताई, पुरे झाले. मेल्यावर तरी तुला कोणी टोचायला नको."

तिची माया मला कळते. पण तिने वडिलांना आठवावे. टोप फाटून परत आला की ते तो उजेडात धरत आणि कोणती गाठ कुठे सुटली ते आम्हा दोघींना शोधायला लावत. एकदा तिने कंटाळून तसला टोप चुलीत टाकला, तेव्हा एवढेच म्हणाले, "आता पुढचा कसा विणशील?"

ठिकाण: राहती खोली, खिडकीशी.
तारीख: धाकटीचा वाढदिवस.
सही: टोपवाली
साक्षीदार: शेजारचे इस्त्रीवाले, नाटक कंपनीचे जुने व्यवस्थापक

नातेवाइकाची सही: धाकटी
(वाचले. देईन. भावोजींना मी सांभाळते.)