उगारलेल्या हातापाशी अडकलेला सिनेमा

बाबा, तुमचा तो सिनेमा मी परवा शेवटपर्यंत पाहिला. एग्मोरला एका छोट्या हॉलमध्ये जुने परदेशी सिनेमे दाखवतात, तिथे. आवडी गावातल्या आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तो कधी संपलाच नाही. बर्मा बाजारातून तुम्ही दोन सीड्या आणल्या होत्या आणि दुसरी नेमकी शेवटाला अडकायची. पाथरवट आपल्या धाकट्या मुलीवर हात उगारतो, चित्राचे चौकोन होतात, आवाज खरखरतो, झालं. तुम्ही सीडी बनियनला पुसून परत लावायचात, परत तिथेच. मग म्हणायचात, "गोष्टीत हात पडतो. मी वाचलीय." अंबरनाथच्या कारखान्यात असताना कुठल्याशा दिवाळी अंकात ती गोष्ट तुम्ही मराठीत वाचली होती. बदली होऊन इथे दक्षिणेत आल्यावर त्या गोष्टीवरचा सिनेमा हाती लागला, याचं तुम्हांला लॉटरी लागल्यासारखं कौतुक होतं.

सिनेमा खरंच चांगला आहे. एका रागीट पाथरवटाला म्हातारी वर देते, की तू ज्याच्यावर हात टाकशील त्याला तू दिसणार नाहीस, तुझा आवाजही त्याला ऐकू येणार नाही. आधी मजा. तो पहारेकऱ्यांना ठोसे मारत राजाच्या बागेत फिरतो, त्यांच्या नाकासमोर पेरू खातो. मग एका दुपारी बायकोला मारतो. ती भांबावून त्याला घरभर शोधते आणि तो तिच्या पुढ्यात उभा राहून ओरडतो. मग मोठा मुलगा. तुम्ही तो प्रसंग थांबवून थांबवून पाहायचात. हवेतून चालत जाणारा तांब्या दाखवून म्हणायचात, "कॉम्प्युटर नव्हते तेव्हा. बारीक तार आहे. दिसते का सांग." मशीनवर काम करणाऱ्या माणसाची नजर होती तुमची, केसाएवढी चूक तुम्हांला कळायची. फक्त त्या पाथरवटाचा चेहरा ओळखीचा आहे, हे कसं कळलं नाही, देव जाणे.

तो रविवार. तुम्ही आईला विचारलंत, "तार दिसते का?" आई लसूण सोलत होती. कधी नव्हे ती हसली आणि म्हणाली, "दिसतेय की चांगली." तुमच्या हातातला स्टीलचा पेला तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात, गालावर, लसणाच्या ताटात. दादा उठला तर त्याला तुम्ही कॉलरला धरून कपाटावर आपटलंत. शेजारची अक्का खिडकीतून "एन्नाच्चु? काय झालं?" ओरडली, तिलाही शिव्या. आईने भुवईवर पदर दाबला, ताटं मांडली. तीन. तिचं, दादाचं, माझं. तुम्ही खेकसलात, "माझं पान कुठाय?" आई दादाला म्हणाली, "दार लोट रे. उगीच वारा आत येतोय." दादाच्या लगेच लक्षात आलं. त्याने दार लोटलं आणि तुमच्या पाटावर आपलं दप्तर ठेवलं.

तुम्हांला वाटलं असेल, तासाभराचं नाटक. पण आईने ते धरून ठेवलं. तुम्ही आरसा फोडलात, ती काचा गोळा करून बाहेर टाकून आली. तुम्ही तिचे केस ओढलेत, तर तिने वेणी खिळ्याला अडकल्यासारखी सोडवून घेतली. दादाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले आणि तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आई, पंखा जरा कमी कर." रक्ताळलेल्या ओठांनी म्हणाला हे. मला हसू आलं होतं आणि भीतीही वाटत होती. घरात तुम्हांला पाहू शकणारी मी एकटी उरले. शेंडेफळ, लाडकी, कधी बोटही न लावलेली. तुम्ही मला जवळ ओढून विचारलंत, "तुला दिसतोय ना गं मी?" मी मान डोलावली. मग मीच तुमचं ताट वाढायची, मीच निरोप्या. आईला सांग, शर्टाचं बटण तुटलंय. आईला सांग, कारखान्यात ओव्हरटाइम आहे. आई माझ्याकडे बघायची, पण मला कधी अडवलं नाही तिने.

आणि एक दिवस मी चहा आणला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आईला सांग, साखर टाकायला हात मोडलेत का." मी कंटाळले होते, बाबा. दहावीतली पोर, दोन माणसांच्या मधे किती दिवस धावणार? मी म्हणाले, "तुम्हीच सांगा. मी नाही सांगत." तुमचा हात वर गेला. मला वाटलं, आता चौकोन होणार, इथे अडकतंच ते. नाही अडकलं. कानात फटाका फुटला, चहा माझ्या मांडीवर, डोकं दाराच्या चौकटीवर. त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. मी उठले, मांडीवर पाणी ओतलं आणि तुमच्याकडे न बघता आईशेजारी जाऊन बसले. तुम्ही म्हणालात, "अगं, दिसतोय ना मी?" मी लसूण सोलायला घेतला.

त्यानंतर तुम्ही कोणावरच हात टाकला नाहीत. राग गेला म्हणून नाही, गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. पुढची वर्षं तुम्ही स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलंत. छातीत दुखून दवाखान्यात नेलं, तेव्हा बिछान्यावरून तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. मी सलाइनची बाटली बघत राहिले. त्याच दिवशी गेलात तुम्ही.

तर शेवट. सिनेमातही हात पडतो, बाबा. गोष्टीत होता तसाच. पोरगी कोलमडते. सगळं शांत. आपल्याला वाटतं, आता गोष्टीतल्यासारखा हिलाही तो दिसणार नाही. ती गाल चोळत उठते, थेट त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "दुखलं." एवढंच. आणि तो दगडासारखा माणूस मटकन खाली बसतो. हॉलमध्ये लोक टाळ्या वाजवू लागले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नियम तो नियम! मार खाल्लेल्या पोरीनेच बापाला बघायचं, तिनेच त्याला माणसात आणायचं, हा कुठला न्याय? गोष्ट लिहिणारा खरा होता, सिनेमावाल्यांना टाळ्या हव्या होत्या. घरी येताना लोकलमध्ये मी मनातल्या मनात तुमच्याशी याच गोष्टीवर भांडत होते. तुम्ही असतात तर तुम्हीही गोष्टीचीच बाजू घेतली असतीत, बहुतेक.

भांडण संपवून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, ते तुम्हीच सांगा. मी तुम्हांला माफ केलेलं नाही, आणि त्या दिवशी बाटलीकडे बघितल्याचं मला वाईटही वाटत नाही. पण सिनेमावाल्यांना मी खोटं म्हणाले, ते मागे घेते. तुमचा हात पडल्यानंतर एकही दिवस असा गेला नाही की तुम्ही मला दिसला नाहीत.